हुसेनबीला पाठ झालेली टेप

हुसेनबीच्या मांडीवर सूप होतं, सुपात जर्दा होता, हातात तेंदूचं पान होतं आणि तोंडात इंग्रजी होतं.

"गार्डनिंग," ती म्हणाली.

मोबाइलमधल्या डॉक्टरचा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता. तो झाला. मग टेपमधली म्हातारी खोकली, तिनं दम घेतला आणि सांगितलं की पहिल्यांदा कळ आली तेव्हा ती गार्डनिंग करत होती.

मेहनाजची पेन्सिल कागदावर तशीच थांबली.

"टेन डेज," हुसेनबी म्हणाली आणि वळलेल्या बिडीला दोऱ्याचा वेढा दिला. म्हातारीही चार सेकंदांनी तेच म्हणाली.

"अम्मा."

"हां गे."

"ती काय बोलणार ते तुला कसं कळतं?"

"रोज तेच तर बोलती. आता बघ, पेनिसिलीन म्हणंल. मग डॉक्टर हं हं करंल. मग स्टेअर स्टेअर असलं काय तरी हाय." हुसेनबीनं मान वर केली नाही. "लई चिवट हाय बाई तो डॉक्टर. रोज तेच तेच विचारतो, गोळी एक देत न्हाय."

मेहनाजनं टेप थांबवली. कागद पालथा घातला आणि तीच टेप पहिल्यापासून लावली. "आता मी गप बसते. तू म्हणत जा."

हुसेनबीला वाटलं, पोरगी खेळतेय. पान कापता कापता, जर्दा भरता भरता ती म्हणत गेली. डॉक्टरच्या आधी, म्हातारीच्या आधी. डॉक्टर-म्हातारीच्या त्या भागात चोवीस गाळलेल्या जागा होत्या. एकोणीस तिनं बरोबर भरल्या. हुसेनबी दुसरीपर्यंत शिकलेली, तीही उर्दू शाळेत, आणि गेली तीस वर्षं सोलापूरजवळच्या कुंभारीच्या दोन खोल्यांत बसून दिवसाला हजार बिड्या वळतेय.

"अम्मा, गार्डनिंग म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक? असंल कुठली दवा."

मेहनाज हसली नाही. तिला स्वतःला याच टेपवर काल बेचाळीसपैकी एकेचाळीस मिळाले होते.

परीक्षा नऊ दिवसांवर होती.

परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं. पहिली तीन घासून घासून जमतात. मेहनाजनं घासली होती. चौथीत कानाला हेडफोन लावायचा, तिकडं डॉक्टर-पेशंट बोलणार, आणि आपण ऐकता ऐकता गाळलेल्या जागा भरायच्या. एकदाच वाजतं. मागं फिरवता येत नाही. वॉर्डात पेशंट एकच गोष्ट दहादा सांगतो आणि नर्सही दहादा विचारते, पण परीक्षा काढणाऱ्यांना वॉर्डाशी काही देणंघेणं नसावं.

आणि ऐकण्याचंच म्हणाल तर सोलापुरातल्या ज्या दवाखान्यात मेहनाज सहा वर्षं राबली, तिथं तिच्यासारखे कान कुणाला नव्हते. नऊ नंबरच्या कॉटवरचा एक म्हातारा राउंडच्या डॉक्टरला "बरं हाय साहेब" म्हणाला होता, तेव्हा ती औषधांची ट्रॉली घेऊन दाराशी होती. तिला त्या 'बरं'मधला दम खटकला. तिनं तसं डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा. संध्याकाळच्या आत म्हातारा आयसीयूत होता. वाचला. डॉक्टरनं त्याच्या मुलाकडून पेढे घेतले.

असले कान. आणि या कानांना इंग्रजी टेप ऐकवून मार्क द्यायचे होते.

दुपारी तिनं राहतला मेसेज टाकला. राहत तिच्याच बॅचची, इंग्रजीचा क्लास अर्धवट सोडून पुण्याला मावशीकडं जाऊन तयारी करत होती. "नवीन ऑडिओ असेल तर पाठव. क्लासमधला नको." राहतनं लगेच पाठवला, वर लिहिलं, "एका दमात ऐक. पॉज करायचं नाही, कसम."

मेहनाज चुलीकडच्या खोलीत जाऊन बसली. दार लावलं. एका दमात ऐकलं.

नवा डॉक्टर होता, नवा पेशंट होता. पेशंट बाप्या होता आणि तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलत होता. पहिली जागा ती विचार करेपर्यंत गेली. दुसरीचा शब्द कानावर आला, पण तो लिहीपर्यंत तिसरी आणि चौथी गेली. शब्द अनोळखी नव्हते. लिहून दाखवले असते तर दहातले नऊ तिला आले असते. पण ते भरगच्च जीपसारखे पुढून जात होते, हात करेपर्यंत फाट्याच्या पुढं.

बेचाळीसपैकी अकरा.

तिनं पुन्हा तपासले. अकरा. त्यातले चार अंदाजपंचे.

आता यात तिचं चुकलं काय, ते सांगतो. लहानपणी मशिदीतल्या मकतबात तिनं कुराण पाठ केलं ते अल्लासाठी, आणि अल्लाला अर्थ माहीत आहे. पुढं शाळेत पाठ केलं ते मास्तरसाठी, आणि मास्तरला अर्थ माहीत नव्हता. दहावीला इंग्रजीचा निबंध गाइडातला पाठ. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेला उत्तरं पाठ, विचारणारा परीक्षकही त्याच गाइडातनं विचारायचा. पाठ केलं की पास, असं या पोरीला वीस वर्षं सरकारनं, संस्थेनं, सगळ्यांनी मिळून शिकवलं. तिनं ते मन लावून केलं. हाताशी चार टेपा होत्या, तिनं चारही खाऊन टाकल्या. आठ महिने सकाळी ड्यूटीच्या आधी, ड्यूटीवरून आल्यावर, अम्मा बिड्या वळताना. आपण टेप ऐकतोय की टेप आठवतोय, हे विचारायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

दार उघडून बाहेर आली तर हुसेनबीनं तिच्याकडं बघितलं.

"किती पडले गे?"

"अकरा."

"एकेचाळीसवरनं अकरा?" हुसेनबीचा हात सुपात थांबला. "काल तर... मी मधी बोलले म्हणून बिघडलं काय? माझी नजर लागली काय तुला?"

"नाही गं अम्मा."

"मी आता बोलणार न्हाय. तू लाव. मी तोंडाला पदर लावते."

आणि खरंच तिनं पदर तोंडात धरला. मेहनाजला रडू आलं असतं, पण त्याचाही वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बरोबरच निघाल्या. हुसेनबीला कालच्या बिड्या कारखान्यात द्यायच्या होत्या, मेहनाजला शहरात क्लासला जायचं होतं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिथं सिद्धलिंगप्पा चेकर टेबलामागं बसतो, बिड्यांवरून बोटं फिरवतो आणि खराब निघतील त्या बाजूला फेकतो. फेकलेल्यांना छाट म्हणतात. छाट झालेली बिडी पुन्हा वळून द्यावी लागते.

"काय हुसेनबी," सिद्धलिंगप्पा म्हणाला, "विमान कधी?"

"तुला सांगून उडणार हाय काय? तू छाट काढ."

"न्हाय, आमालाबी न्या म्हटलं. तितं बिड्या चेक करायला माणूस लागत असंल की."

"तितं माणसं शाणी हायत. तुला कशाला घेतील?"

रांगेतल्या बायका हसल्या. हुसेनबीही हसली. मेहनाजनं बघितलं, हसताना अम्माचा हात पिशवीच्या कानावर घट्ट आवळलेला होता. अख्ख्या कुंभारीला सांगून झालं होतं. आता मागं घेणार तरी कुठल्या तोंडानं?

मागं घेता येत नव्हतंच. मेहनाजनं वीस दिवसांपूर्वी राजीनामा दिला होता. खाजगी दवाखान्यांची एक रीत आहे, ती कुठल्या कायद्यात सापडायची नाही. नर्स कामाला लागली की तिची मूळ प्रमाणपत्रं मॅनेजरच्या कपाटात जमा. दहावीचं, नर्सिंगचं, नोंदणीचं. सोडून जाऊ नये म्हणून ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणं बांधतात, तसलाच प्रकार. मेहनाजला परदेशातल्या दवाखान्याचं पत्र आलं होतं: तीस तारखेपर्यंत परीक्षेचा निकाल पाठवा, जागा तुमची. मधल्या एजन्सीला मूळ कागद बघायचे होते. कागद पाहिजेत तर राजीनामा टाक, असा हिशेब. तिनं क्लासच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "चाळीसच्या खाली येतच नाहीस तू. टाक बिनधास्त." तिनं टाकला. चौथ्या दिवशी तिच्या जागी नवी पोरगी उभी होती.

क्लास सात रस्त्याच्या पुढं, झेरॉक्सच्या दुकानावर. दिग्विजय सर फळ्यावर कालचं पुसत होते. बाकी पोरी यायच्या होत्या.

"सर, मला अकरा पडले."

"कुठल्या सेटला?"

"नव्या. राहतनं पाठवला."

"मग बरोबर आहे," सरांना हायसं वाटलं. "तो आपला सेट नाही."

"परीक्षेत आपला सेट येतो का सर?"

सरांनी डस्टर खाली ठेवलं. "हे बघ मेहनाज, पॅटर्न तोच असतो. तू घाबरून ऐकलं असशील. कॉन्फिडन्स ठेव."

मेहनाजनं मोबाइल टेबलावर ठेवला. "सर, तुम्ही एकदा ऐका की. माझ्यासमोर. पहिल्या दहा जागा."

तिनं चालू केलं. सुपारीवाला पेशंट बोलायला लागला. दिग्विजय सरांनी खडू हातात घेतला, मान हलवली, एकदा 'हं' केलं. पेशंट बोलत राहिला. सरांची मान हलायची थांबली. अर्ध्या मिनिटानं त्यांनीच हात पुढं करून मोबाइल बंद केला.

"पोरी येतील आता," ते म्हणाले.

दिग्विजय सर वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण ते वैरागच्या शाळेत शिकलेले, गाइडं पाठ करून एमए झालेले, नोकरी न मिळालेले, बायकोचे दागिने मोडून खुर्च्या घेतलेले साधे गृहस्थ होते. चार टेपा त्यांनीही कुणाकडून तरी मिळवल्या होत्या, आणि त्यांनाही त्या पाठच होत्या. त्यांच्यामागं भिंतीवर पास झालेल्या पाच पोरींचे फोटो होते. त्यातल्या दोघी फक्त फोटोपुरत्या आल्या होत्या, हे सगळ्या क्लासला ठाऊक होतं.

"सर, आठ महिने झाले. तुम्ही कधी सांगितलं नाही."

"काय सांगणार होतो?" सर हळू बोलले. "मला कुणी सांगितलं होतं?" जिन्यात चपला वाजल्या. सरांनी घाईनं फळ्याकडं तोंड केलं. "बाहेर पोरींना बोलू नको. त्यांच्या परीक्षा अजून लांब आहेत."

लांब आहेत म्हणून तर बोलायला पाहिजे होतं. मेहनाज जिन्यात त्या पोरींना भेटली. सातजणी होत्या. एकीच्या कानात हेडफोन होता आणि ओठ हलत होते. कुठली टेप ते मेहनाजनं ओठांवरून ओळखलं. ती थांबली. म्हणाली, "चारही टेपा सोडून द्या. नवं काहीतरी ऐका. माझे अकरा आलेत."

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. हेडफोनवाली म्हणाली, "तुझा गेला असंल गं मूड. मला तर अडतीस पडतात." आणि वर गेली.

आठ दिवसांत काय होतं? वॉर्डातलं इन्फेक्शनसुद्धा हटत नाही. राहतनं आणखी ऑडिओ पाठवले. मेहनाज रोज चार ऐकायची. तेरा पडले. मग बारा. मग सोळा, त्या दिवशी हुसेनबीनं शिरा केला. मग पुन्हा बारा. हुसेनबी आता टेप लागली की तोंडाला पदर लावायची, सूप उचलून दारात जाऊन बसायची, आणि दारातनं डोळ्यांनीच विचारायची. मेहनाज बोटं दाखवायची. शेवटी शेवटी तेही बंद झालं.

परीक्षा पुण्यात होती. मायलेकी आदल्या दिवशीच राहतच्या मावशीकडं उतरल्या. सकाळी परीक्षेच्या इमारतीच्या दारात हुसेनबीनं दुवा पुटपुटून मेहनाजच्या कपाळावर फुंकर घातली.

"काय मागितलंस अम्मा?"

"तीन नंबरचीच टेप लागू दे म्हणलं, म्हातारीची," हुसेनबी म्हणाली. "अल्लाला काय अवघड हाय?"

आत काच होती, गार हवा होती आणि शांतता होती. इतकी शांतता मेहनाजनं कधी ऐकली नव्हती. कुंभारीत कात्र्या वाजतात, कुत्री भुंकतात, कुणाची तरी पोरं रडतात. वॉर्डात तर विचारूच नका. इथं हेडफोन लावल्यावर तिला तिचाच श्वास मोठा वाटायला लागला. सुरुवातीच्या सूचना देणारा आवाज आला, आणि तो आवाज तोच होता. टेपमधलाच. तोच माणूस, तोच ठसका. अम्माची दुवा, तिला वाटलं. म्हातारी खोकणार, दम घेणार, गार्डनिंग म्हणणार. तिनं पेन्सिल टेकवली.

एक तरुण बाई बोलायला लागली, लहान मुलाच्या पुरळाबद्दल.

त्यानंतर मेहनाजनं जे ऐकलं ते सांगण्यासारखं काही नाही. तिनं सोडलं नाही, एवढं खरं. प्रत्येक जागेत काहीतरी लिहिलं. बाहेर आली तेव्हा हुसेनबी पायरीवरून उठली, तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "जेवणार काय?"

निकाल सव्वीस तारखेला आला. वाचणं पास, लिहिणं पास, बोलणं पास. ऐकणं नापास. एजन्सीच्या बाईनं फोन केला नाही. मेसेज आला: ऑफर रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, शुभेच्छा. शेवटी एक हसरा चेहरा होता. तो तसल्या मेसेजात आपोआप येत असावा, कुणी हातानं घातला असेल तर त्याचं वाटोळं होवो.

दवाखान्याच्या मेट्रनबाई, जगदेवी सिस्टर, फोनवर बऱ्या बोलल्या. "ये की गं. जागा हाय. पण नवीन म्हणून घेतील, जुन्याचं काय धरणार नाहीत. आणि सोमवारी येताना कागद घेऊन ये. मूळ."

म्हणजे पुन्हा कपाटात.

रविवारी दुपारी मेहनाजनं दहावीचं, नर्सिंगचं, नोंदणीचं अशी तिन्ही प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. मग काही करायचं उरलं नाही म्हणून अम्माजवळ बसली आणि पान कापायला घेतलं. लहानपणी कापायची. हात विसरला नव्हता.

हुसेनबीची त्या दिवशी काही लय लागेना. एक बिडी सैल झाली, दुसरीचा दोरा निसटला. तिनं ती सुपात टाकली आणि चिडून म्हणाली, "सिद्धलिंगप्पा सगळ्या छाट काढतोय बघ उद्या."

"काय झालं?"

"काय की." मग दुसरीकडं बघत, "ती लाव की गे तुझी टेप. तीन नंबरची. हात चालंना झालाय. आठ म्हैने त्याच्यावरच वळलंय, सवय पडली."

मेहनाजनं अम्माकडं बघितलं. मग मोबाइल काढला, लावली.

सूचना देणारा माणूस बोलला. डॉक्टर बोलला. हुसेनबीचे हात चालायला लागले, कात्री, पान, जर्दा, दोरा. "लेफ्ट हिप," ती म्हणाली. पदर लावायचं ती विसरली होती, आणि आता लावून करायचं तरी काय होतं? "गार्डनिंग."

मेहनाजच्या पुढ्यात कागद नव्हता. भरायला जागा नव्हती. दोनशेवेळा ऐकलेली टेप ती पान कापत नुसतीच ऐकत होती. म्हातारी खोकली, तिनं दम घेतला. डॉक्टरनं रात्री झोप लागते का विचारलं. म्हातारी म्हणाली, लागते. छान लागते.

मेहनाजची कात्री थांबली.

तिनं टेप थोडी मागं घेतली. पुन्हा ऐकलं. लागते, छान लागते. त्या 'छान'च्या आधी म्हातारीनं श्वास अर्धाच घेतला होता. कळ दाबून धरलेला माणूस घेतो तसा, वरच्यावर.

"काय गे, मागं काय घेतीस? माझी लय मोडली की."

"अम्मा, ही बाई खोटं बोलतीय."

"कोण?"

"ही म्हातारी. तिला झोप लागत नाही. दुखतंय तिला. लपवतीय."

हुसेनबीनं पहिल्यांदाच मोबाइलकडं माणसाकडं बघावं तसं बघितलं. जरा वेळ ऐकलं.

"व्हय की," ती म्हणाली. "दुखतंय बिचारीला. मग परीक्षेत हे विचारत न्हायत?"

"नाही."

"मग काय विचारतात?"

"काय करत होती विचारतात. गार्डनिंग."

हुसेनबीनं जर्द्याची चिमूट पानावर पसरली, वळली, बांधली. टेपमधला डॉक्टर हं हं करत होता.

"त्याला तरी कळलं काय, डॉक्टरला?"

"नाही अम्मा," मेहनाजनं पुढचं पान उचललं. "तो लिहून घेतोय."